फ्रेड वापरून बघा: भांडण मिटणार नाही, पण ते कुठल्या महिन्यापासून सुरू होतं ते कळेल

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली येईलच, आधी हे कोणासाठी लिहितेय ते सांगते. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष दुसऱ्या टर्मसाठी उभा राहिला की त्याच्या चार वर्षांच्या कारभारावरून जे रणकंदन माजतं त्यात तुम्ही पडत असाल, जेवणाच्या टेबलावर किंवा फॅमिली ग्रुपवर, समोरचा एक आकडा तोंडावर फेकतो, तुम्ही दुसरा फेकता आणि दोघांनाही खात्री असते की समोरचा धादांत खोटं बोलतोय, तर ही फुकटातली सेवा तुमच्यासाठी आहे. कारण मी जेव्हा जेव्हा तपासून बघितलंय तेव्हा बहुतेक वेळा दोन्ही आकडे खरे निघालेत. एकाने हिशोब शपथविधीपासून मांडलेला असतो आणि दुसऱ्याने त्याला सोयीच्या महिन्यापासून, बस एवढंच.

फ्रेड म्हणजे सेंट लुईसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा, फेडचा, एक भाग) चालवलेलं आकड्यांचं कोठार. १९९१ पासून चालू आहे, आज त्यात आठ लाखांच्या वर सिरीज (एकेका गोष्टीचे तारखेप्रमाणे आकडे) आहेत, शंभराहून जास्त ठिकाणांहून आलेल्या. फ्रेड स्वतः काही मोजत नाही हे आधीच डोक्यात ठेवा. नोकऱ्या, बेरोजगारी, महागाई बीएलएस (कामगार आकडेवारीचं सरकारी खातं) मोजतं, जीडीपी बीईए (अर्थव्यवस्थेचा हिशोब ठेवणारं खातं) मोजतं, घरांचं उत्पन्न जनगणनेचं सेन्सस ब्युरो, आणि फ्रेड हे सगळं एका जागी आणून ग्राफ काढून देतं. पैसे नाहीत, जाहिराती नाहीत, लॉगिनही लागत नाही, लॉगिन केलं तर आपले ग्राफ सेव्ह करता येतात इतकंच. प्रत्येक सिरीजला एक कोड असतो, बेरोजगारीचा अनरेट, एकूण नोकऱ्यांचा पेएम्स. दोन-चार निवडणुका बघितल्या की हे कोड नातेवाइकांच्या नावांसारखे पाठ होतात.

ग्राफच्या खाली एक पट्टी असते, तिची दोन टोकं धरून मागे-पुढे सरकवता येतात. माझ्या मते अख्ख्या साइटवरची सगळ्यात राजकीय गोष्ट ही पट्टी आहे. २०१२ चं उदाहरण घ्या. ऑक्टोबरमधल्या दुसऱ्या डिबेटमध्ये ओबामांसमोर उभे असलेले रिपब्लिकन उमेदवार रॉम्नी म्हणाले की ओबामा आले तेव्हा गॅस (म्हणजे पेट्रोल) १.८६ डॉलर गॅलन होता आणि आता ४ डॉलरला गेलाय. आता गॅसच्या आठवड्याच्या भावाची सिरीज उघडा, डावं टोक जानेवारी २००९ वर ठेवा, रॉम्नी बरोबर दिसतात, रेघ खालून वर अशी चढत गेलेली. मग तेच टोक जरा डावीकडे ओढा, फक्त २००८ च्या उन्हाळ्यापर्यंत, आणि गॅस तेव्हाच ४ डॉलरच्या वर होता हे समोर येतं, मग सप्टेंबरात बँका कोसळल्या, सगळं ठप्प झालं आणि भाव धाडकन खाली आला. ओबामांनी त्याच डिबेटमध्ये हेच उत्तर दिलं होतं, की तेव्हा भाव कमी होता कारण अर्थव्यवस्था कोसळायच्या बेतात होती. दोघांचे आकडे एकाच सिरीजमधले. तुम्ही टोक कुठे सोडता त्यावर कोण जिंकलं ते ठरतं.

पण गॅस हे सोपं उदाहरण झालं, खरी मजा नोकऱ्यांत आहे. इथे मी थोडी रेंगाळणार आहे कारण फ्रेडचा पैसा वसूल होतो तो इथेच (फुकट असून).

अमेरिकेत दर महिन्याला नोकऱ्या दोन पद्धतीने मोजतात. एक पेरोल सर्व्हे, त्यात कंपन्यांना आणि सरकारी ऑफिसांना विचारतात की तुमच्या पगारपत्रकावर किती माणसं आहेत. दुसरा हाउसहोल्ड सर्व्हे, त्यात साठ हजारांच्या आसपास घरांना विचारतात की तुमच्याकडे कोण काम करतंय, कोण शोधतंय. बेरोजगारीचा दर या दुसऱ्यातून येतो. पहिला मोठा आणि स्थिर, दुसरा लहान त्यामुळे जास्त हलणारा, पण स्वतःचा धंदा करणारे वगैरे त्यातच सापडतात. दोन्ही फ्रेडवर आहेत, एकाच ग्राफवर टाकता येतात.

आता २००४ बघा. धाकटे बुश (रिपब्लिकन) दुसऱ्या टर्मला उभे, समोर डेमोक्रॅट केरी. पेरोल सर्व्हे सांगत होता की बुश आल्यापासून नोकऱ्या कमी झाल्यात, आणि केरी सगळीकडे म्हणत फिरत होते की हूव्हरनंतर (१९३० च्या आसपासच्या महामंदीतले राष्ट्राध्यक्ष) नोकऱ्या गमावणारा हा पहिला राष्ट्राध्यक्ष. यावर रिपब्लिकन लोकांचं उत्तर काय, तर पेरोल सर्व्हेत नवे छोटे धंदे सुटतात, हाउसहोल्ड सर्व्हे बघा, त्यात तर नोकऱ्या वाढल्यात. या एका मुद्द्यावर तेव्हा लेखांवर लेख पडत होते. मग आठ वर्षांनी २०१२, खुर्चीवर ओबामा. ५ ऑक्टोबरला सप्टेंबरचे आकडे आले, बेरोजगारी ८.१ वरून ७.८ वर. का उतरली, तर हाउसहोल्ड सर्व्हेत एका महिन्यात ८ लाख ७३ हजार लोक कामाला लागलेले दिसले, आणि पेरोलमध्ये वाढ फक्त १ लाख १४ हजार. आता रिपब्लिकन बाजू म्हणायला लागली की हाउसहोल्ड सर्व्हेवर काय विश्वास ठेवायचा, पेरोल बघा. जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे माजी प्रमुख जॅक वेल्श यांनी तर ट्विट करून सरळ सुचवलं की शिकागोवाल्यांनी (म्हणजे ओबामांच्या माणसांनी) आकडेच बदलले. म्हणजे २००४ ला जो सर्व्हे लाडका तो २०१२ ला सावत्र.

आणि डेमोक्रॅट्सनी हसू नये, त्यांचं वेगळं आहे. २००४ ला केरी फक्त खासगी नोकऱ्या मोजायचे, १६ लाख गेल्या म्हणायचे, कारण बुशच्या काळात सरकारी नोकऱ्या वाढल्या होत्या आणि त्या धरल्या की तोटा बराच छोटा दिसायचा. २०१२ ला ओबामांची माणसं पण फक्त खासगी नोकऱ्याच मोजत होती, ४५ लाख नव्या नोकऱ्या म्हणत, पण कारण बरोबर उलटं, आता राज्यं आणि शहरं शिक्षक वगैरे कमी करत होती आणि सरकारी धरल्या की वाढ छोटी दिसायची. एकच पक्ष, एकच सिरीज, एकदा तोटा फुगवायला आणि एकदा फायदा फुगवायला. हे मला कुठल्या पॅनेलवाल्याने सांगितलं नाही, पेएम्स आणि खासगीवाली सिरीज एकावर एक टाकली आणि दिसलं. फ्रेडमध्ये एका रेघेतून दुसरी वजा पण करता येते, म्हणजे फक्त सरकारी नोकऱ्यांची रेघ निघते, ती एकदा काढून बघाच.

आणि ते ४५ लाख कधीपासूनचे? फेब्रुवारी २०१० पासूनचे. म्हणजे खड्ड्याच्या अगदी तळापासून. रॉम्नी मोजत होते २००९ च्या सुरुवातीपासून, जेव्हा दर महिन्याला लाखांनी नोकऱ्या जात होत्या. त्या मंदीत एकूण साधारण ८७ लाख नोकऱ्या गेल्या, त्यातल्या जवळपास अर्ध्या ओबामांनी शपथ घ्यायच्या आधीच गेलेल्या होत्या. उरलेल्या अर्ध्या कोणाच्या खात्यात घालायच्या हा प्रश्न फ्रेड सोडवत नाही. जानेवारीचा महिना कोणाचा यावरसुद्धा वाद आहे, शपथ असते २० तारखेला आणि सर्व्हे धरतो १२ तारीख ज्या पगाराच्या कालावधीत येते तो, म्हणजे जानेवारी जुन्याचाच झाला, बेसलाइन जानेवारी धरून फेब्रुवारीपासून मोजणं त्यातल्या त्यात रास्त. पण जानेवारी २००९ च्या एकाच महिन्यात इतक्या नोकऱ्या गेल्या की तो महिना इकडे की तिकडे यावर मथळा बदलायचा.

इथे येतं फ्रेडचं भावंड, अल्फ्रेड. हे फार कमी लोकांना माहीत आहे आणि माझे साडेचारमधले निदान दोन स्टार याचेच आहेत. फ्रेड आजचा, सुधारलेला आकडा दाखवतं. अल्फ्रेड दाखवतं की अमुक तारखेला लोकांना कुठला आकडा माहीत होता. हा फरक केवढा आहे बघा. जानेवारी २००९ मध्ये नोकऱ्या किती गेल्या, तर पहिल्यांदा जाहीर झालं ५ लाख ९८ हजार. पुढच्या सुधारणांत तो आकडा साडेसात लाखांच्या घरात आणि त्याच्याही वर गेला. २००८ च्या शेवटच्या तिमाहीत जीडीपी किती पडला, तर पहिला अंदाज वार्षिक दराने ३.८ टक्के, आणि २०११ च्या सुधारणेत तोच झाला ८.९ टक्के. म्हणजे नव्या सरकारने अर्थव्यवस्था सावरायला ७८७ अब्ज डॉलरचं पॅकेज आणलं तेव्हा खड्डा किती खोल आहे हेच कोणाला नीट दिसत नव्हतं. आणि २००९ च्या जानेवारीत ओबामांच्या सल्लागारांनी जो अंदाज छापला, की पॅकेज आलं तर बेरोजगारी ८ च्या आसपास थांबेल, तो पुढची चार वर्षं रिपब्लिकन लोकांनी त्यांच्या डोक्यावर आपटला, कारण दर १० टक्क्यांपर्यंत गेला आणि ४३ महिने सलग ८ च्या वर राहिला. ही टीका चूक का? नाही, आकडा त्यांनीच दिला होता. पण अल्फ्रेडमध्ये त्या जानेवारीची तारीख टाकून बघितलं की तो अंदाज कुठल्या आकड्यांवर बेतला होता तेही दिसतं, आणि मग वेडेपणा कमी आणि अंधार जास्त असं चित्र तयार होतं. माझं मत, तुमचं वेगळं असू शकतं.

सुधारणा दोन्हीकडे लागतात बरं का. २०१२ च्या सप्टेंबरअखेर बीएलएसने प्राथमिक सुधारणा जाहीर केली, आधी मोजल्या त्यापेक्षा ३ लाख ८६ हजार नोकऱ्या जास्त, आणि ओबामांचा जानेवारी २००९ पासूनचा हिशोब जो उणे होता तो एका दिवसात अधिक झाला, मतदानाला जेमतेम सहा आठवडे असताना. २०२४ च्या ऑगस्टमध्ये उलटं, ८ लाख १८ हजार कमी. तेव्हा बायडेन शर्यतीतून बाहेर पडून महिना झाला होता पण त्यांच्या कारभारावरचं भांडण कुठे थांबलंय, ते त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या हॅरिसच्या नावावर चालूच. ट्रम्प तर म्हणाले बघा, लपवत होते. खरं तर ही सुधारणा दरवर्षीची, बेरोजगारी विम्याच्या नोंदींशी ताळा करायची ठरलेली पद्धत आहे. अल्फ्रेडवर मागच्या सगळ्या वर्षांच्या आवृत्त्या रांगेत उघडल्या की कळतं की हे कोणाच्याही राज्यात होतं.

महागाईचं आणखी वेगळं, तिथे तारखेबरोबर युनिटचा पण खेळ आहे. ग्राफ एडिट करायला गेलात की युनिटचा एक ड्रॉपडाउन येतो, त्यात नुसता इंडेक्स, वर्षभरातला टक्केवारी बदल, आपल्या आवडत्या तारखेला १०० धरलेला इंडेक्स असे पर्याय असतात. बायडेनच्या वेळचं सगळं भांडण या एका ड्रॉपडाउनमध्ये मावतं. वर्षभरातला बदल निवडला तर जानेवारी २०२१ ला १.४ टक्के, जून २०२२ ला ९.१, आणि जून २०२४ ला ३ टक्के, मग डेमोक्रॅट म्हणणार बघा महागाई उतरली. जानेवारी २०२१ ला १०० धरलेला इंडेक्स निवडला तर रेघ फक्त वर वर जाते आणि जवळपास १२० ला पोचते, मग रिपब्लिकन म्हणणार उतरली कुठे, अंडी-दूध बघा. दर उतरणं आणि भाव उतरणं या दोन गोष्टी आहेत आणि किराणा आणणाऱ्याला भाव दिसतो, दर दिसत नाही, त्यामुळे निवडणुकीत कुठली रेघ चालली ते सांगायला नको. हां, पण २०२४ च्या मे महिन्यात बायडेन स्वतः म्हणाले की मी आलो तेव्हा महागाई ९ टक्के होती, ते मात्र सरळ चूक, त्याला पट्टी कुठेही सरकवली तरी वाचवता येत नाही. अशा वेळी फ्रेडचा सरळ पाच सेकंदांचा उपयोग आहे.

पगाराचं तर अजून भारी आहे. तासाचा सरासरी पगार आणि भावाचा इंडेक्स दोन्ही जानेवारी २०२१ ला १०० धरा, जून २०२४ पर्यंत भाव पुढे, पगार मागे, साधारण १९-२० टक्के वाढ विरुद्ध १७. आता तारीख बदलून फेब्रुवारी २०२० करा, म्हणजे कोविडच्या आधी, आणि पगार पुढे, साधारण २३ विरुद्ध २१. वर्षभराचाही फरक नाही तारखेत आणि निकाल उलटा. असं का, तर २०२० च्या एप्रिलमध्ये हॉटेलं, दुकानं बंद पडून कमी पगाराची माणसं आधी गेली, त्यामुळे उरलेल्यांची सरासरी आपोआप वर उडाली, आणि जानेवारी २०२१ ची बेसलाइन त्या फुगवट्यातच येते. एकाने मला जानेवारीवाला ग्राफ पाठवला होता, मी फेब्रुवारीवाला पाठवला, दोघांवरही खाली फ्रेडचा शिक्का. तेव्हा लक्षात आलं की हा शिक्काच त्रासदायक आहे. ग्राफखाली सोर्स म्हणून बीएलएस आणि फ्रेड लिहिलेलं असलं की बघणाऱ्याला वाटतं हा सरकारी निवाडा आहे, पण कापायची जागा कोणीतरी निवडलेली असते आणि त्याचं नाव ग्राफवर नसतं.

आता ट्रम्पच्या २०२० च्या मोहिमेकडे या. २९ ऑक्टोबर, मतदानाला पाच दिवस, तिसऱ्या तिमाहीचा जीडीपी आला, अधिक ३३.१ टक्के, इतिहासातला सगळ्यात मोठा. हे खरंच होतं. त्याच्या आधीच्या तिमाहीत उणे ३१.४. भोळा माणूस म्हणेल ३१ गेले ३३ आले, फिट्टंफाट. पण हे दोन्ही वार्षिक दर आहेत, म्हणजे हाच वेग वर्षभर राहिला तर, आणि प्रत्यक्षात एका तिमाहीत ९ टक्के पडला आणि मग ७.४ टक्के चढला, तेही पडलेल्या पातळीवरून. युनिट बदलून नुसती डॉलरमधली पातळी लावा, रेघ अजून २०१९ च्या शेवटाच्या साडेतीन टक्के खाली दिसते. हे दाखवायला मला अर्थशास्त्र शिकवावं लागलं नाही, ड्रॉपडाउन बदलून फोन पुढे केला. समोरच्याने मान्य केलं का? नाही. त्याचं म्हणणं, कोविड काय ट्रम्पने आणला? फेब्रुवारी २०२० ला बेरोजगारी ३.५ होती ते का नाही मोजत? आणि यात दम आहे, आकड्यात कुठेच लिहिलेलं नसतं की हा तुकडा साथीचा आणि हा तुकडा धोरणाचा. डेमोक्रॅट्सनी ट्रम्पनाही हूव्हरनंतरचा पहिला म्हटलं, तोच जुना डायलॉग, आणि यावेळी आकड्याने तो टिकला, टर्म संपताना नोकऱ्या सुरुवातीपेक्षा २५ लाखांहून जास्तच कमी होत्या. मग बायडेननी दीड कोटीच्या वर नोकऱ्या निर्माण केल्या म्हणून सांगितलं, त्यातल्या बऱ्याचशा कोविडमध्ये गेलेल्याच परत आलेल्या. जाताना साथीमुळे आणि येताना आमच्यामुळे, हे दोन्हीकडचं सूत्र ठरलेलं.

तुलनेसाठी एक लपलेली सोय आहे, फार आतल्या कोपऱ्यात. इंडेक्स निवडला की तारखांऐवजी नुसते शून्य, एक, दोन असे महिने दाखवायचा पर्याय येतो, शून्याला १०० धरून. खरं म्हणजे मंदी-मंदीची तुलना करायला दिलाय, पण शून्याच्या जागी शपथविधीचा महिना टाकला की दोन राष्ट्राध्यक्ष एकाच रेषेवरून पळताना दिसतात. ओबामांची रेघ शून्यापासूनच खाली जाते, २० वर ४ असताना बॅटिंगला आल्यासारखी, ट्रम्पची तीन वर्षं मस्त चढते आणि एकोणचाळिसाव्या महिन्यात कड्यावरून पडते. अशी रेघ बघितली की नुसता शेवटचा आकडा घेऊन कारभार मोजणाऱ्यांची कीव येते.

राखाडी पट्ट्यांबद्दल सांगायलाच हवं. ग्राफवर मंदीचे महिने राखाडी रंगात येतात, एनबीईआर नावाच्या संस्थेची समिती त्या तारखा ठरवते. दिसायला एकदम ठाम, पण त्या नंतर ठरतात, कधीकधी खूप नंतर. थोरले बुश १९९२ ला हरले तेव्हा मंदी मार्च १९९१ लाच संपलेली होती, पण समितीने ते जाहीर केलं डिसेंबर १९९२ मध्ये, मतदान होऊन महिना उलटल्यावर. तोवर क्लिंटनची सगळी मोहीम अर्थव्यवस्थेच्या नावाने शंख करून झाली होती. अर्थात लोकांना मंदी वाटत होती ते खोटं नव्हतं, बेरोजगारी त्यानंतरही चढत राहून जून १९९२ ला ७.८ ला पोचली होती. उलट २००४ ला धाकट्या बुशच्या आर्थिक सल्लागारांनी मंदीची सुरुवात २००० च्या अखेरीला धरली, म्हणजे क्लिंटनच्या अंगणात, आणि समितीची तारीख होती मार्च २००१. दोन-तीन महिन्यांचा फरक, पण मध्ये २० जानेवारी येते ना.

बेरोजगारीच्या दराबद्दल एक सल्ला, तो एकटा कधीच बघू नका. २०१२ ला रिपब्लिकन म्हणत होते की दर उतरतोय कारण लोक शोधायचंच सोडून देतायत, डेमोक्रॅट म्हणत होते लोक म्हातारे होतायत, रिटायर होतायत. युद्धानंतरच्या पिढीतले पहिले लोक २००८ ला ६२ चे झाले, त्यामुळे दुसरं म्हणणंही खोटं नाही. यावर फ्रेडवर सरळ औषध आहे, २५ ते ५४ वयातल्या लोकांपैकी किती टक्के कामाला आहेत ती सिरीज, त्यात ना कॉलेजवाले ना रिटायर झालेले. ती रेघ मंदीआधी ८० होती, ७५ च्या जरा खाली आपटली, आणि २०१२ च्या निवडणुकीला कशीबशी ७६ ला होती. म्हणजे सुधारणा होती पण फारच बारीक. ओबामावाले जेवढं सांगत होते त्याच्या बरंच खाली आणि रॉम्नीवाले जेवढं काळं रंगवत होते तेवढं काळं नाही. मला विचाराल तर त्या निवडणुकीतला सगळ्यात प्रामाणिक आकडा हाच, आणि तो भाषणात कोणीच घेतला नाही कारण टाळ्या पडत नाहीत.

कर्जाचं पटकन सांगते. सरकारचं एकूण कर्ज आणि त्यातलं फक्त बाहेरच्यांना (म्हणजे सरकारचेच फंड सोडून) देणं असलेलं कर्ज अशा दोन सिरीज आहेत, भांडणात एक जण ही घेतो आणि दुसरा ती. शिवाय अमेरिकेचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, त्यामुळे २००९ चं वर्ष थोडं बुशचं आणि उरलेलं ओबामांचं, आणि त्या वर्षाची तूट १.२ ट्रिलियन डॉलर होईल असं सीबीओने (संसदेचं बजेट तपासणारं कार्यालय) ७ जानेवारीलाच सांगितलं होतं, शपथेच्या आधी. प्रत्यक्षात १.४ झाली. वाटून घ्या.

आता अर्धा स्टार. पहिली गोष्ट, ग्राफचा उभा अक्ष आपोआप ठरतो आणि शून्यापासून सुरू होत नाही, त्यामुळे किरकोळ हालचाल हिमालय दिसते. फॉरमॅटमध्ये जाऊन किमान आकडा स्वतः टाकता येतो पण स्क्रीनशॉट टाकणारा तो कशाला टाकेल. डावीकडे एक स्केल आणि उजवीकडे दुसरा लावायची सोय आहे, ती तर भांडणात मी बघतच नाही, दोन स्केलवर कशाचाही कशाशीही संबंध जोडता येतो. दुसरी, एस अँड पी ५०० ची सिरीज लायसन्सच्या कारणाने फक्त दहा वर्षांची मिळते, म्हणजे शेअर बाजारावरून रेगनपासून तुलना करणाऱ्यांनी दुसरीकडे जावं. तिसरी, घरांचं मध्यम उत्पन्न वर्षातून एकदा, तेही मागच्या वर्षाचं सप्टेंबरात येतं, त्यामुळे निवडणुकीच्या नोव्हेंबरात सामान्य घराची स्थिती सांगणारा हा आकडा नेहमी एक वर्ष शिळा. यात फ्रेडचा दोष नाही पण बघणाऱ्याला हे ठळक कळायला हवं. आणि आठ लाख सिरीजमध्ये शोधताना एकाच गोष्टीच्या चार-चार सिरीज येतात, सीझनली अ‍ॅडजस्टेड (दरवर्षीचा ठरलेला हंगामी चढउतार काढून टाकलेली), नॉट अ‍ॅडजस्टेड, महिन्याची, तिमाहीची, नवखा माणूस पहिलीवर क्लिक करतो आणि अ‍ॅडजस्ट न केलेली नोकऱ्यांची रेघ दर जानेवारीला आपटताना बघून घाबरतो.

सगळ्यात मोठी मर्यादा मात्र कुठल्याही अपडेटने जाणार नाही. राष्ट्राध्यक्षाने केलं म्हणून झालं की त्याच्या काळात झालं एवढंच, हे रेघ सांगत नाही. कार्टरनी ऑगस्ट १९७९ ला व्होल्करना फेडच्या प्रमुखपदी बसवलं. १९८० मध्ये महागाई १४ टक्क्यांच्या वर गेली. व्होल्करनी व्याजदर असे वर नेले की १९८१ च्या जूनमध्ये फेड फंड्सच्या दराची (बँका एकमेकींना रातोरातचं कर्ज देतात तो दर) महिन्याची सरासरी १९ टक्क्यांच्या वर होती, महागाई मोडली, पण बेरोजगारी १९८२ अखेर १०.८. तोवर कार्टर घरी गेलेले, तुम्ही चार वर्षांपूर्वीपेक्षा सुखात आहात का या रेगनच्या प्रश्नाने त्यांना १९८० ला पाडलं होतं. मग त्याच रेगनना १९८२ च्या मध्यावधीत हाउसमध्ये (संसदेचं कनिष्ठ सभागृह) २६ जागांचा फटका बसला आणि १९८४ ला बेरोजगारी ७.२ असताना ४९ राज्यं मिळाली. ७.२ म्हणजे कार्टर हरले तेव्हाच्या ७.५ पेक्षा फार वेगळा आकडा नाही, उतरता होता एवढंच. महागाई पाडल्याचं श्रेय कोणाचं, नेमणूक करणाऱ्याचं, व्होल्करचं, की त्यांना कळ सोसेपर्यंत न हलवणाऱ्याचं? तिन्ही सिरीज एका ग्राफवर टाका आणि रात्रभर भांडा, फ्रेड मध्ये पडणार नाही.

विश्वासाचं काय, हे लोक हमखास विचारतात, फेडचीच साइट, सरकारचेच आकडे. माझं निरीक्षण असं की आकड्यांवरचा विश्वास खुर्चीबरोबर बदलतो. ट्रम्प २०१६ ला बेरोजगारीचा आकडा बनावट म्हणायचे, मार्च २०१७ ला चांगला आकडा आला तेव्हा त्यांच्याच प्रवक्त्याने त्यांच्या वतीने सांगितलं की आधी असेल बनावट, आता मात्र खरा आहे, आणि पत्रकार हसले. ऑगस्ट २०२५ ला आकडे वाईट आले, मागच्या दोन महिन्यांत मिळून २ लाख ५८ हजारांची कपात झाली, तर बीएलएसच्या प्रमुखांनाच काढून टाकलं. याच कारणासाठी अल्फ्रेड मला हल्ली जास्त महत्त्वाचं वाटायला लागलंय, कारण कुठल्या दिवशी काय जाहीर झालं होतं त्याची तारीखवार प्रत तिथे पडून आहे.

कोणी घ्यावं आणि कोणी घेऊ नये? समोरच्याला गप्प करायचं असेल तर नका घेऊ, उलट तुमच्याच बाजूचा आकडा अर्धवट निघायची शक्यता जास्त. आपल्या पक्षाची जाहिरात ऐकून पोटात कालवाकालव होत असेल की हे जरा जास्तच होतंय का, तर जरूर घ्या. फोनवरही चालतं पण पट्टी सरकवायला लॅपटॉपच बरा. आणि ग्रुपवर कोणी फ्रेडचा स्क्रीनशॉट टाकला तर चित्रावर वाद घालत बसू नका, ग्राफची लिंक मागा, लिंक उघडली की पट्टी तुमच्याही हातात येते, डावं टोक थोडं मागे ओढा आणि तो नवा ग्राफ काही न लिहिता परत पाठवा.